ओल्या टॉवेलचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमची भाची पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली. गावाकडे सराव करून घेणारे कोणी नाही, म्हणून बहिणीने तिला आमच्या हवाली केले. आमचे घर म्हणजे कल्याणकडच्या एका जुन्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. माणसे पाच, भाची धरून सहा.

पोरगी मोठी कष्टाळू. पहाटे साडेचारला उठायची आणि पाचच्या आत मैदानावर हजर. 800 मीटर धावणे, 100 मीटर धावणे, गोळाफेक, असा रोजचा सराव. पाऊस असो नसो, खाडा नाही. पण महिना व्हायच्या आत एके दिवशी ती उठलीच नाही. पाय दुखतो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या मामीने तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. धावून झाल्यावर सगळ्या मुली शेडखाली बसून घाम पुसतात. हिने पिशवीतून टॉवेल काढला, तशी शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "ई! कसला वास येतोय गं तुझा?" बाकीच्या हसल्या. हिने टॉवेल पिशवीत कोंबला आणि घर गाठले.

संध्याकाळी आम्ही कचेरीतून आलो, तेव्हा ती मोरीशेजारी मान खाली घालून बसली होती. आम्हाला बघून तिने एवढेच विचारले, "मामा, ती टॉवेलला म्हणाली की मला?"

खरे सांगतो, आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. सभेत आम्ही तासभर बोलू शकतो, पण या सहा शब्दांपुढे आमची जीभ अडली. कारण 'वास' या शब्दाचा आपल्या माणसांना फार जुना अनुभव आहे. आम्ही तिसरीत असताना बाकावरचा मुलगा "याच्या कपड्यांना वास येतो" म्हणून उठून दुसरीकडे जाऊन बसला होता. आदल्याच दिवशी आईने तो सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. तो वास सदऱ्याचा नव्हताच. तेव्हा अशा बोलण्यात टॉवेल किती आणि बोलणाऱ्याच्या मनातला मळ किती, हे ऐकणाऱ्याला कधीच नीट कळत नाही आणि तो सगळेच आपल्या अंगाला लावून घेतो.

पण आम्ही पिशवीतून तो टॉवेल काढून नाकाशी धरला, आणि कबूल करावे लागले. टॉवेलला वास येत होता. चांगलाच कुबट वास. मग घरातले बाकीचे टॉवेल पाहिले. दांडीवरचे, दाराच्या खिळ्यावरचे, कपाटातले घडी घातलेलेसुद्धा. थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच तऱ्हा. दुसऱ्याच्या मनातला मळ आपल्या हाती नाही, पण टॉवेलचा वास आपल्या हाती आहे. त्या रविवारी आम्ही कंबर कसली. आम्ही काय वाचले, काय विचारले, काय करून पाहिले, तेच या वेळी लिहीत आहोत. कारण हा वास आमच्या एकट्याच्या घरातला नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

वास येतो कोठून?

आमची पहिली समजूत अशी की, टॉवेल नीट धुतला नाही म्हणून वास येतो. हे आम्ही घरात बोलून दाखवले आणि लगेच पस्तावलो. आमच्या घरच्यांनी धुण्याचा पिळा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, दर दोन दिवसांनी धुते मी टॉवेल. आंघोळ करून ओला टॉवेल खाटेवर टाकून जातो कोण, ते आधी सांगा." खाटेवर टॉवेल टाकून जाणारा इसम कोण, हे वाचकांनी ओळखले असेलच. असो. त्या विषयाकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

त्यांचे म्हणणे मात्र शास्त्राला धरून आहे. टॉवेल सुताचा असतो आणि सूत पाणी पिते. आमचे वडील गिरणीत कताई खात्यात होते. ते म्हणायचे, "सूत पाणी पटकन घेतं, पण सोडायला कुरकुर करतं." त्यातही आपण ज्याला टर्किश टॉवेल म्हणतो, त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे बारीक फासे असतात. विणताना एक ताणा घट्ट आणि एक सैल ठेवतात, त्या सैल ताण्याचे हे फासे होतात. फाशांमुळे टॉवेल अंगावरचे पाणी भराभर टिपतो, पण त्याच फाशांच्या मुळाशी ओल दडून बसते. वरून हात लावला तर कोरडा आणि आत ओला.

आता अंग पुसताना टॉवेलमध्ये नुसते पाणी जात नाही. अंगाचा तेलकटपणा, घाम, कातडीचा सुटलेला कोंडा, अंगाला राहिलेला साबण, सगळे त्यात जाते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण बारीक जंतूंना तेवढे अन्न पुरते. ओल आणि अन्न एकत्र मिळाले की जंतू वाढतात आणि त्यांच्या खाण्यातून जे पदार्थ तयार होतात, त्यांचा वास सुटतो. जपानमधील संशोधकांनी 2012 साली या वासाच्या मुळाशी असलेला एक जंतू दाखवून दिला. त्याचे नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. घरात वाळवलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्याला कारण असलेले एक आम्ल हा जंतू तयार करतो. निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही. माणसांच्या अंगावर आणि घरांत तो सापडतोच. नाव नॉर्वेच्या ऑस्लो शहरावरून, शोध जपानमधला आणि मुक्काम आमच्या दांडीवर! म्हणजे बंगला असो की खोली, सुत ओले राहिले की वास येणारच.

या जंतूची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो कोरडेपणा सहन करतो. टॉवेल वाळला की तो मरत नाही, नुसता दबा धरून बसतो आणि टॉवेल पुन्हा ओला झाला की कामाला लागतो. म्हणूनच घडी घातलेल्या टॉवेलला वास नसतो, आणि अंग पुसायला घेतला की दोन मिनिटांत वास सुटतो. भाचीच्या बाबतीत तेच झाले. घरातून निघताना टॉवेल चांगला होता. घाम लागला आणि वास उठला.

तेव्हा टॉवेलची परीक्षा कोरडा असताना करू नका. एक कोपरा कोमट पाण्याने ओला करा, मुठीत थोडा वेळ धरा आणि मग हुंगा. खरे काय ते तेव्हा कळेल.

पावडर जास्त टाकली तर?

बहुतेक घरी हीच चूक होते. वास आला की आपण पावडर वाढवतो. पण जास्त पावडर जास्त पाण्याने खळबळून काढावी लागते, आणि आपल्याकडे पाणी येते तास-दीड तास. मग पावडर सुतातच राहते, तिच्यावर मळ चिकटतो आणि जंतूंना आणखी खाद्य मिळते. पाणी बोअरचे किंवा टँकरचे जड असेल तर साबणाचा चिकट थर फाशांवर बसतो. टॉवेल कडक होतो, पाणी टिपत नाही आणि लवकर वाळतही नाही.

याचीही परीक्षा सोपी आहे. धुतलेला टॉवेल बादलीभर गरम पाण्यात, पावडर न टाकता, बुडवा आणि चांगला हलवा. पाणी गढूळ झाले किंवा फेस आला, तर समजा की जुनी पावडर अजून आतच आहे. आमच्या बादलीत एवढा फेस आला की मुलांनी त्याचे फुगे उडवले.

घालवायचा कसा?

आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो. खर्च फारसा नाही. धुण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो आणि पांढरा व्हिनेगरही मिळतो. लागतो तो अर्धा दिवस आणि उन्हाची एक उघडीप.

पहिले काम गरम पाण्याचे. एक भाग उकळते पाणी आणि एक भाग नळाचे पाणी एकत्र केले की साधारण 60 अंशांचे पाणी होते. हात घालवणार नाही इतके ते गरम असते आणि त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. अशा 10 लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे विरघळवा, टॉवेल बुडवा आणि वर झाकण ठेवून तासभर राहू द्या. झाकण हवेच, नाहीतर पाणी लवकर निवते. टॉवेल काठीने हलवा, हाताने नको, सोड्याने कातडी सोलवटते. पांढरे सुती टॉवेल असतील तर ते सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे सरळ उकळले तरी चालतात. जुन्या पिढीतल्या आया-आज्या चुलीवर कपडे उकळत आणि धोबी भट्टी लावत, त्यामागचे शास्त्र हेच. मात्र उकळायला अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेऊ नका, सोडा त्या धातूला खातो. स्टीलचे भांडे घ्या. रंगीत टॉवेल उकळू नका आणि रंग जाणारा असेल तर तो वेगळा भिजवा.

दुसरे काम धुण्याचे. पावडर नेहमीच्या निम्मी घ्या. ब्रशने घासा, आपटा, पण नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. पाणी कमी असेल तर एका वेळी सहा टॉवेल काढू नका, दोनच काढा.

तिसरे काम व्हिनेगरचे. टॉवेल स्वच्छ निघाला की अर्धी बादली साध्या पाण्यात एक वाटी पांढरा व्हिनेगर घालून त्यात तो अर्धा तास ठेवा. जड पाण्याचा आणि साबणाचा राहिलेला थर आंबटपणाने सुटतो, टॉवेल मऊ पडतो. नंतर एकदा साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगरचा वास वाळल्यावर उरत नाही.

चौथे काम वाळवण्याचे, आणि सगळ्यात मोठे काम हेच. ते नीट झाले नाही तर वरची तिन्ही फुकट. त्याविषयी पुढे लिहितो.

आमचे सहापैकी चार टॉवेल एका फेरीत सुधारले. एकाला दोन फेऱ्या लागल्या. सहावा आमचा स्वतःचा, खाटेवर लोळणारा. त्याच्यावर काळे ठिपके पडले होते. ते बुरशीचे ठिपके. ते सहज जात नाहीत. तो फाडून पायपुसणे केले.

हे मात्र करू नका

सध्या मोबाइलवर घरगुती उपायांचे व्हिडिओ फार येतात. त्यात सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकतात आणि फसफस फेस आला की म्हणतात, बघा, मळ निघाला. मळबीळ काही निघत नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि वायूचे बुडबुडे उठतात, एवढेच. दोन्ही फुकट जातात. सोडा आधी, मग स्वच्छ पाणी, आणि व्हिनेगर शेवटी. हा क्रम पाळा.

ब्लीचच्या बाबतीत तर फार जपा. पांढऱ्या सुती टॉवेलला बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ब्लीच चालते. पण ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड, कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आपली मोरी चार फुटांची, बहुतेक वेळा खिडकीही नसते. असा वायू कोंडला तर घसा-छाती जळते आणि जिवावर बेतू शकते. घरात सफाई करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे.

कपडे मऊ करायचे जे सुवासिक औषध मिळते, ते टॉवेलला लावू नका. सुतावर त्याचा बुळबुळीत थर बसतो. टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. अत्तर, सेंट, कापूर यांनी वास झाकला जातो, जात नाही. डांबराच्या गोळ्या तर बाळाच्या टॉवेलमध्ये आणि दुपट्यांत अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात. आपल्या बाळाला ती उणीव आहे की नाही, हे बघून कळत नाही.

आणि पावसाळ्यात घाई झाली म्हणून गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून टॉवेल वाळवू नका. टॉवेलचे एक टोक खाली आले तर घर पेटायला वेळ लागत नाही.

ओल त्याच दिवशी खर्ची पडली पाहिजे

आम्ही बी.कॉम., आमचा जन्म जमाखर्चात गेला. आम्हाला टॉवेलचे गणितही तसेच दिसते. आंघोळ झाली की टॉवेलच्या खात्यात पाणी जमा होते. संध्याकाळपर्यंत ते सगळे खर्ची पडले, तर खाते साफ. थोडी जरी शिल्लक राहिली, तर ती उद्याच्या जमेत मिळते, परवा आणखी वाढते आणि चौथ्या दिवशी व्याजासकट नाकाला लागते. मग आठवड्याला कितीही धुवा, व्याज फिटत नाही.

ओल खर्ची टाकायची तर तीन गोष्टी लागतात. हवा, जागा आणि ऊन.

हवा. पंख्याच्या वाऱ्यात टॉवेल बंद खोलीपेक्षा कितीतरी लवकर वाळतो. पण खिडकी किंवा झरोका थोडा उघडा हवा, नाहीतर टॉवेलची ओल भिंतीला जाते आणि भिंतीवर बुरशी धरते. आमच्या तळमजल्याच्या भिंतींना आधीच पाझर आहे, तिला आम्हीच पाणी पाजत होतो.

जागा. टॉवेल पूर्ण उलगडून, झटकून घाला. झटकल्याने फासे उभे राहतात आणि त्यांच्यातून हवा खेळते. दोरीवर दुहेरी करून टाकला तर आतली बाजू वाळत नाही, म्हणून टोकांना चिमटे लावून एकेरी लटकवा. दोन टॉवेलांमध्ये हातभर अंतर ठेवा. खिळ्यावर गोळा करून टांगलेला टॉवेल म्हणजे जंतूंची वसाहतच. आमच्याकडे जागा नव्हती. मग दोन भिंतींमध्ये छतालगत दोन दोऱ्या बांधल्या आणि टॉवेल पंख्याच्या पात्यांपासून दूर, पण वाऱ्यात येतील असे घातले. खर्च दोरीचा आणि चार खिळ्यांचा.

ऊन. पावसाळ्यात एखादी उघडीप मिळाली तर सगळ्यात आधी टॉवेल, गाद्या आणि उशा बाहेर काढा. ऊन नसेल तर वाळत आलेल्या टॉवेलवर शेवटी गरम इस्त्री फिरवा. आत दडलेली ओल वाफ होऊन जाते. ज्यांच्याकडे यंत्र आहे, त्यांनी टॉवेल दोन वेळा पिळून घ्यावा. यंत्रातून कपडे लगेच काढावेत आणि नंतर झाकण उघडे ठेवावे. समोरून दार असलेल्या यंत्राच्या दाराभोवती रबरी कडे असते. त्याच्या घडीत पाणी आणि मळ साचतो, तो फडक्याने पुसावा. नाहीतर यंत्रच टॉवेलला वास लावते.

आणि शेवटचा मुद्दा टॉवेल कोणता घ्यायचा याचा. पाहुण्यांपुढे जाड टर्किश टॉवेल शोभतो हे खरे. आपल्या सोलापूरचा टॉवेल तर नावाजलेलाच, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण कोंदट खोलीत, श्रावणात, जाड टॉवेल दोन दिवसांतही वाळत नाही. पावसाळ्याचे चार महिने पातळ सुती पंचा काढा. पंचा पटकन भिजतो, पटकन पिळला जातो आणि पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो. आमचे वडील आयुष्यभर पंचाच वापरायचे. आम्हाला नोकरी लागल्यावर आम्ही त्यांना मोठ्या हौसेने जाड टॉवेल आणून दिला. त्यांनी तो घडीसकट पेटीत ठेवला आणि पंचाच खांद्यावर टाकला. तेव्हा आम्हाला राग आला होता. आता कळते.

पंचे माणशी दोन हवेत, एक अंगाला आणि एक वाळत. आमच्या सहाजणांना बारा झाले. जाड टॉवेलांच्या मानाने बारा पंच्यांचा खर्च कमीच आला. माणशी वेगळे ठेवण्याचे कारण केवळ वासाचे नाही. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. डोळे येणे, गजकर्ण, खरूज ही दुखणी एका टॉवेलवरून घरभर जातात. अलीकडे गजकर्ण तर नेहमीच्या मलमांनाही दाद देईनासे झाले आहे. ते असलेल्या माणसाचा पंचा वेगळा भिजवा, गरम पाण्यात धुवा आणि दुकानातून कोणतेही मलम न आणता डॉक्टरांना दाखवा.

टॉवेल वाळत घालायचा कोणी?

आता खाटेवरच्या टॉवेलकडे येतो.

आम्ही वीस वर्षे सामाजिक काम करतो. स्त्री-पुरुष समतेवर भाषणे केली, निबंध स्पर्धेची बक्षिसे वाटली. आणि रोज सकाळी सव्वासातला आंघोळ करून ओला टॉवेल खाटेवर टाकून आठची लोकल पकडली. गादी ओली, टॉवेल ओला, आणि मागून येऊन तो उचलणारी बाई एक. वास आला की विचारायचे तिलाच. मुलगाही आमचे बघून तेच करायला शिकला. मुलीला मात्र कोणी न सांगता दोरी सापडते.

त्या रविवारी आमच्या घरात एक ठराव झाला. ज्याचे अंग, त्याचा पंचा. ज्याने अंग पुसले, त्याने तो पिळायचा, झटकायचा आणि दोरीला घालायचा. याला वेळ लागतो एक मिनिट. आम्ही घड्याळ लावून पाहिले. आठ दिवस आमच्या चिरंजीवांनी कुरकुर केली. एकदा आम्हीही विसरलो, तेव्हा आमचा पंचा घरच्यांनी उचलला नाही. संध्याकाळी आलो तेव्हा तो तसाच खाटेवर, ओला, आमची वाट बघत होता. त्यानंतर विसरलो नाही.

वाचकहो, बाकी सगळे उपाय एकदाचे आहेत. सोडा, व्हिनेगर, गरम पाणी हे दोन-तीन महिन्यांतून एकदा. हे एक मिनिट मात्र रोजचे आहे, आणि ते घरातल्या प्रत्येकाचे आहे. ते एका बाईवर टाकले तर बारा पंचे वाळत नाहीत. तिला तेवढेच एक काम नसते.

भाचीचे काय झाले?

रविवारी दुपारी चार तास ऊन पडले. संध्याकाळी भाचीचा टॉवेल आम्ही तिच्याच हातात दिला आणि म्हणालो, "कोपरा ओला कर आणि हुंग." तिने हुंगले. पुन्हा मुठीत धरून हुंगले. मग हसली.

तेव्हा आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, "ती टॉवेलला म्हणाली असेल, तर टॉवेल आता धुतला आहे. तुला म्हणाली असेल, तर तो मळ तिच्याकडे आहे, तो तिने धुवावा. दोन्ही बाजूंनी तुझे 800 मीटर राहतातच."

ती म्हणाली, "मामा, भाषण नको. पंचा कुठल्या पिशवीत न्यायचा ते सांगा." प्रश्न रास्त होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला पंचा कोंबला तर घरी येईपर्यंत पुन्हा तेच. तिच्या मामीने कांद्याची जाळीची पिशवी धुऊन, तिला नाडी ओवून दिली. ओला पंचा त्या जाळीत, जाळी बॅगेच्या बाहेर लटकवलेली. हवा लागत राहते आणि घरी आल्याबरोबर दोरीवर.

सोमवारी पहाटे साडेचारला दाराची कडी वाजली. आम्ही अंथरुणातूनच ऐकली. पुढे महिनाभराने तिने सांगितले की, त्याच मुलीने जाळीची पिशवी कुठून आणली म्हणून विचारले. "मग तू काय सांगितलंस?" आम्ही विचारले. "सांगितली ना कशी करायची ते. तिच्या टॉवेलला पण वास येतो मामा, तिला माहीत नाही अजून."

आता तुमची पाळी. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक टॉवेलचा कोपरा ओला करून हुंगा. घरातल्या पुरुषांनी हुंगावे, ही आमची खास विनंती. आणि तुमच्या घरी ओल घालवायची याहून चांगली युक्ती असेल, तर आम्हाला पत्राने जरूर कळवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर नक्कीच कळवा. आमच्या भिंतींचा पाझर अजून थांबलेला नाही.